उंडीखालची मडकी

केतनसाहेब आमच्या जलतरंग सोसायटीचे नवे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. फक्त झाड कुठलं आणि झुडूप कुठलं हे त्यांना कळत नाही, आणि आपल्याला ते कळत नाही हेही कळत नाही. मी इथली माळीण. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं, पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मावशी, ही सगळी झुडपं काढायची आहेत. पलीकडे एवढा मोठा वर्सोव्याचा समुद्र, आणि आपल्याला दिसतं काय, तर हा कचरा."

"झुडपं नाहीत ती, साहेब. उंडी आहे. अकरा झाडं. एकोणीस वर्षांची."

"एकोणीस वर्षांत एवढीच वाढली?" ते हसले. बरोबर बागकाम कंपनीचा माणूस होता, तोही हसला. गिऱ्हाईक हसलं की त्याला हसावंच लागतं.

उंडी आमच्या मालवणात दोन मजले चढते. इथे नाही चढली, त्याला कारण आहे. मार्च उजाडला की दुपारी एकच्या सुमाराला समुद्रावरून खारा वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. पानांच्या कडा करपतात, खिडक्यांच्या जाळ्या गंजतात. तो सगळा मार उंडीने तोंडावर घेतला, म्हणून ती आडवी पसरली आणि माझ्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबली. तिच्या आडोशाला जास्वंद फुलते, तगर फुलते, अनंताला कळ्या धरतात. उंडी काढली तर एका उन्हाळ्यात मागे काही शिल्लक राहणार नाही. हे मी केतनसाहेबांना सांगितलं.

"मागे लॉन येणार आहे," ते म्हणाले. "आणि सहा पाम. बोअरवेलवर फवारे लावतोय."

"बोअरचं पाणी एप्रिलमध्ये जिभेला लावून बघा एकदा. मीठ आहे नुसतं."

"ते कंपनी बघेल. आणि झाडं असती तर पालिकेची परवानगी काढावी लागली असती. झुडपांना लागत नाही." हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की जणू स्वतःलाच शाबासकी देतायत. "शुक्रवारी माणसं येतील. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

मी मध्ये येऊ नको! एकोणीस वर्षांपूर्वी इथे मी आले तेव्हा मातीच नव्हती. काळा कातळ होता, आणि त्यावर वीतभर राडारोडा. पहार मारली की ठिणगी उडायची. तेव्हाचे सेक्रेटरी नाना, स्वभावाने तिरसट पण सरळ माणूस, मला म्हणाले होते, "नलिनी, इथे काही उगवलं तर मी मिशी काढीन." मी आठ दिवस नुसती कातळावर पाणी ओतत फिरले. पाणी कुठे मुरतं, कुठे वाहून जातं, ते बघत होते. जिथे मुरलं तिथे भेग. त्या भेगांत पिवळा मुरूम होता. तो खरवडून काढला, पाचोळा आणि शेण भरलं आणि आईकडून आणलेली उंडीची रोपं लावली. तिसऱ्या वर्षी नानांनी खरंच मिशी काढली. ती त्यांना शोभत नव्हतीच, पण ते वेगळं.

आणि पाणी? पाण्याची गंमत मी सांगते, कारण पुढे सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. कातळावरच्या झाडाला नळीने वरून पाणी घातलं तर अर्धं उन्हात उडतं, अर्धं भेगेतून समुद्राला मिळतं. म्हणून मी प्रत्येक उंडीच्या बुडाशी दोन-दोन साधी कच्ची मडकी गळ्यापर्यंत पुरली. मडकं आतून पाझरतं. माती सुकली की तेवढंच पाणी ओढून घेते, ओली असली की घेत नाही. झाड स्वतःच्या तहानेने पितं. ही पद्धत माझी नाही, माझ्या आतेची. मडकी भरायला बोअर नको आणि टँकरही नको. सोसायटीत जवळजवळ प्रत्येक खोलीत एसी आहे आणि प्रत्येक एसीची नळी गळते. ते पाणी गोडं. नळ्यांखाली पिंपं ठेवली की उन्हाळ्यात कमी पडत नाही.

एकच अडचण, डास. उघड्या मडक्यात अळ्या झाल्या तर तपासणीवाले सोसायटीला धारेवर धरतात. म्हणून प्रत्येक मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायचं, वर करवंटी उपडी घालायची आणि त्यावर पाचोळा लोटायचा. फडकी दोन-तीन वर्षांत कुजतात. गेल्या खेपेला हाताशी आला तो सोसायटीच्या नाताळच्या कार्यक्रमातला सांताक्लॉजचा झगा. दोन ठिकाणी उसवला होता, क्लबरूमच्या कपाटात पडून होता. मी त्याचे बावीस तुकडे केले. लालभडक कापड होतं, आणि चांगलं घट्ट विणीचं.

आता पुढचं तुम्हाला दिसलंच असेल. मला मात्र दिसलं नाही.

शुक्रवारी सकाळी काशीराम त्याची पाच माणसं घेऊन आला. जालन्याकडचा, पन्नाशीचा, आता मुलुंडला राहणारा, खोदाईतला मुकादम. मी तेव्हा सी विंगच्या गच्चीवर कुंड्या बघत होते. खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावत उतरले. पहिल्याच उंडीच्या बुडाशी त्यांनी एक मडकं उपटून काढलं होतं आणि सहाही जण दहा पावलं मागे सरून उभे होते. मडक्याच्या तोंडाला लाल फडकं, वर करवंटी, आणि अंगभर मुळांचं बारीक काळं जाळं, अगदी केसांच्या गुंत्यासारखं. पाणी जिथे पाझरतं तिथे मुळं मिठी मारणारच. पण ज्याला ठाऊक नाही त्याला ते भयंकर दिसणार, हे मला त्या क्षणी कळलं.

"करणी हाय ही," काशीरामचा एक माणूस म्हणाला. दुसऱ्याने पाचोळा पायाने बाजूला केला तर तिथेही करवंटी. तिसऱ्या झाडाखालीही. त्यांनी कुदळी तिथेच टाकल्या.

मी तोंड उघडणार एवढ्यात वॉचमन गुणाजीने माझा दंड धरला. गुणाजी देवगडचा, माझ्याच वयाचा, बारा वर्षं गेटवर आहे. मडक्यांचं सगळं त्याला माहीत. निम्मी पिंपं नळ्यांखाली तोच लावतो. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "गप रव गो. भियातत तर भियांदे. झाडां वाचतली!"

आणि मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू? राहिले गप्प. मनात म्हटलं, देवानेच बुद्धी दिली यांना.

दुपारपर्यंत मडक्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. संध्याकाळी कमिटी बसली. केतनसाहेब लॅपटॉपवर जगभरची कामं करणारे, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांच्या सासूबाईंना सकाळीच चक्कर आली होती म्हणे. उकाड्याने येते ती चक्कर, पण ते कोण ऐकणार. ठरलं असं की पश्चिमेच्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही. लॉन रद्द, पाम रद्द. रविवारी दहा वाजता भटजी बोलावून जागेची शांत करून घ्यायची आणि त्या कोपऱ्याला कायमचं कुंपण घालायचं.

म्हणजे मी जिंकले होते. एकही वाक्य न बोलता अकरा उंड्या वाचल्या होत्या.

शनिवारी कामावर गेले तर लिफ्टमधल्या बाई मला बघून बाहेर आल्या. जागा होती, तरी. त्या भिंतीशी एकोणीस वर्षं मीच राबते, तेव्हा मडकी कोणाची हे सगळ्यांनी ताडलं होतं. चौथ्या मजल्यावर मी बाल्कनीतल्या कुंड्या बघते, तिथे बेल वाजवली तर आत टीव्ही चालू, पण दार उघडलं नाही. तळमजल्याची श्वेता, माझ्या मुलीच्या वयाची, तिला मी बाळंतपणानंतर अळीवाचे लाडू करून दिलेले. ती रोज सकाळी मला चहा देते. त्या दिवशी चहा दिला, पण हातात नाही दिला. कप कठड्यावर ठेवला आणि आत गेली. जाताना म्हणाली, "मावशी, रागावू नका हां. घरात लहान बाळ आहे ना."

तो चहा मी प्यायले नाही. कप तिथेच ठेवून उंडीखाली जाऊन बसले, आणि मला माझी आते आठवली.

आते आमच्या गावात एकटी राहायची. शेजाऱ्याची गाय मेली आणि कोणीतरी म्हणालं, हिने केलं. कारण काय, तर ही संध्याकाळी परसात मडकी पुरते. ती माडाची रोपं जगवत होती! पण गावाने तिच्या हातचं पाणी सोडलं. वीस वर्षं कोणी तिच्या घरी पाणी प्यायलं नाही. आम्ही मुलं लपून जायचो तर आई रागवायची. आते कोणाशी भांडली नाही. गप्प राहिली आणि गप्पच गेली. तिच्या माडांचे नारळ मात्र गाव अजून खातं.

मला सणकून राग आला. केतनसाहेबांचा नाही, श्वेताचाही नाही. माझाच. मी तीच गप्प बसायची चूक करत होते, आणि वर त्याला शहाणपणा म्हणत होते.

गुणाजीला जाऊन सांगितलं, "उद्या मी सगळां सांगतलंय."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "खुळी काय तू? सांगितलंस तर परत कुदळी येतली. झाडां जातली."

"आणि नाय सांगलंय तर माका काय म्हणतले? चेटकीण?"

"म्हणांदेत गो! झाडां मोठी की नाव मोठां?"

 याचं उत्तर मला सकाळी पिंपातून पाणी काढताना सुचलं. ही झाडं मी घाबरवून वाढवली नाहीत, मग घाबरवून का वाचवू? गेली तर समोरासमोर भांडून जाऊ देत.

रविवारी साडेनऊला भटजी आले. पाट मांडला, चाळीसेक माणसं जमली, सगळी भिंतीपासून लांब. काशीरामही आला होता, टाकून गेलेल्या कुदळी-पहारी न्यायला. तो आणि त्याची माणसं गेटपाशी उभी होती. मी सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि ते शुक्रवारचं मडकं उचललं. कोणीतरी किंचाळलं.

"मावशी, खाली ठेवा ते!" केतनसाहेब ओरडले.

"का? माझं आहे. बावीस आहेत, सगळी माझी." मी करवंटी काढली, लाल फडकं सोडलं आणि हात उंच करून दाखवलं. फडक्याच्या एका कडेला पांढऱ्या लोकरीची पट्टी अजून तशीच होती. "हे ओळखलंत, साहेब? चार वर्षांपूर्वी नाताळात तुम्हीच घातलेला झगा आहे. काखेत उसवला होता."

पुढची दोघं-चौघं वाकून बघायला लागली. मग श्वेता मोठ्याने म्हणाली, "अरे, हा तर आपला सांताक्लॉज!" आणि मागून कोणीतरी फस्सकन हसलं.

मग मी सगळं सांगितलं. कातळ, भेगा, एसीचं पाणी, डास. मध्ये मध्ये आवाज चढला माझा, चढू दिला. तळाला राहिलेलं पाणी करवंटीत ओतलं आणि सगळ्यांच्या देखत एक घोट प्यायले. एसीचं पाणी काही प्यायचं नसतं. बेचव होतं आणि मातीचा वास होता. पण त्या घोटाशिवाय त्यांच्या डोक्यातली ती करणी निघाली नसती.

"आता मेले तर म्हणा करणी," मी म्हटलं. "आणि नाही मेले तर ज्याने ज्याने काल मला बघून दार लावलं, त्याने ते आठवून ठेवा."

बरीच डोकी खाली गेली. भटजींनी पाट गुंडाळायला घेतला. त्यांनाही घाई होती, पुढे कांदिवलीला वास्तुशांत होती.

केतनसाहेबांचा चेहरा झग्याच्या रंगाचा झाला होता. पण ते सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरीला शेवटचं वाक्य स्वतःचंच लागतं. "ठीक आहे. गैरसमज झाला, मिटला. म्हणजे आता कामाला काहीच अडचण नाही. काशीराम, माणसं आहेतच, हत्यारंही आहेत. करा सुरुवात."

गुणाजीने माझ्याकडे बघितलं. सांगितलं नव्हतं तुका, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी पहिल्या उंडीपाशी गेले आणि बुंध्याला पाठ लावून खाली बसले. पाय लांब केले. "आधी मला उपटा. मग हिला."

काशीराम पुढे आला. माझ्यासमोर उकिडवा बसला, उपटलेलं मडकं ओढून घेतलं आणि त्यावरच्या मुळांच्या जाळ्यावरून अंगठा फिरवला. 

"ह्ये एसीचं पाणी पिऊन लागली व्हय ही मुळं?"

"हो."

"दर किती दिसांनी भरता?"

"चार. मे महिन्यात तीन."

"एकुणीस वर्सं?"

"मध्ये दोनदा आजारी पडले. तेव्हा गुणाजीने भरली."

त्याने करवंटी उचलली. तिच्यात अजून दोन घोट पाणी उरलं होतं. मी "नको, प्यायचं नाही ते," म्हणेपर्यंत तो प्यायला होता. तोंड पुसून उभा राहिला आणि केतनसाहेबांकडे वळला.

"साहेब, परवा भिऊन थांबलो. आज भ्या न्हाय ऱ्हायलं. पर आता म्या खणत न्हाय."

"अहो, पण का?"

"समजलं म्हून." एवढंच म्हणाला. माणसांना खूण केली, त्यांनी कुदळी खांद्यावर घेतल्या आणि सहाही जण गेटबाहेर गेले.

मला रडू आलं. चाळीस माणसांसमोर रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. माझ्या आतेला जे वीस वर्षांत एकानेही दिलं नाही, ते एका अनोळखी माणसाने मला भर अंगणात दिलं होतं.

केतनसाहेब जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, बुधवारी दुसरी माणसं येतील. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका. कमिटीचा निर्णय समजा."

"कमिटी बसली कधी?"

"बसेल."

"मग बसल्यावर सांगा," मी म्हटलं आणि बुंध्याला पाठ लावून तशीच बसून राहिले. ऊन वर आलं, माणसं पांगली, वारा सुटला. उंडीची पानं माझ्या डोक्यावर खडखडत होती. मी उठले ती मडकं परत जागेवर पुरायला.

सोमवारी सात वाजता मी गेटवर होते. काखेत नवा माठ होता, स्टेशनजवळच्या कुंभाराकडून पारखून आणलेला. गुणाजीने रजिस्टर समोर ओढलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "माका चष्म्याशिवाय कोण इला, कोण गेला, कायच दिसणा नाय." गेट मात्र सताड उघडलं.

हा माठ मी पुरला नाही. पहिल्या उंडीच्या सावलीत तीन विटा रचून त्यावर ठेवला. नळाचं पाणी गाळून भरलं, तोंडाला सांताक्लॉजच्या झग्याचा उरलेला तुकडा बांधला आणि वर करवंटी उपडी घातली. मग ती उलटवली, प्यायला घ्यायची आहे हे कळावं म्हणून, साफ घासलेली आतली बाजू वर. एकीकडे मडकी भरत होते, एकीकडे बघत होते. दुधाची पिशवी न्यायला आलेले दोघेजण माठाकडे बघून थबकले आणि पुढे गेले. जाऊ देत.

आठच्या सुमाराला श्वेता बाळाला कडेवर घेऊन आली. हातात दोन कागद होते. पालिकेसाठी अर्ज, ही अकरा झुडपं नव्हेत, झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडू नयेत असा, प्रत्येक बुंध्याचा घेर मोजून लिहिलेला. खाली तिची सही होती आणि आणखी सहा घरांच्या सह्या. "पहिली सही तुमची हवी मावशी, वर जागा सोडलीय," ती म्हणाली. मी मडकं भरत राहिले. अजून राग होता माझा, चहाच्या कपाचा. तिला तो दिसला असणार. तिने कागद कठड्यावर ठेवले, माठाचं फडकं सोडलं, करवंटी बुडवून उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि दोन थेंब बाळाच्या ओठांना लावले.

मी सही केली.

अर्जावर पालिकेचे साहेब कधी येतील ते मला माहीत नाही. केतनसाहेबांची माणसं मात्र बुधवारी नक्की येणार. येऊ देत. माठ भरलेला आहे, मीही इथेच आहे. एप्रिलच्या उन्हात या कातळावर पहिली पहार मारली की ठिणगी उडते आणि दुसरी मारली की घसा कोरडा पडतो. तेव्हा त्यांना पाणी लागेल, आणि ते मी माझ्या हाताने देणार आहे.